नवी चेन, जुने दाते

"फक्त चेन बदलतोय. बाकी काही नाही," दातांचे डॉक्टर तोंडातला ब्रश न काढताच म्हणाले.

बायको डबा भरत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमच्या पेशंटनाही तुम्ही असंच सांगता. फक्त आत काय आहे ते बघतो, बाकी काही नाही."

"अगं, ते दात आहेत. ही सायकल आहे."

"तिलाही दातेच असतात," बायको म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

डॉक्टरांची पंचाईत मात्र चेनची नव्हती, घंटेची होती. त्यांच्या रविवारच्या सायकल टोळीचा एक नियम होता. गावाबाहेरच्या टेकडीच्या माथ्यावर मैलाचा एक दगड आहे. त्या दगडाला जो सर्वांत शेवटी हात लावेल, त्याच्या सायकलीला पुढचा आठवडाभर एक पितळी घंटा बांधायची. घंटा म्हणजे हँडलवरची टिंगटिंग नव्हे. गुरांच्या गळ्यात असते तसली, नारळाएवढी. दर रविवारी ती नव्या माणसाकडे जावी अशी मूळ कल्पना होती. पण डॉक्टरांकडे आली आणि ती तिथंच नांदायला लागली.

सकाळी डॉक्टर दवाखान्याकडे निघाले की सगळ्या रस्त्याला कळायचं. सुरुवातीला कुत्री भुंकायची. मग त्यांनीही सोडून दिलं. रोज रोज कोण भुंकणार? एकदा एक चुकलेलं वासरू आवाजामागोमाग दवाखान्यापर्यंत आलं आणि आपला नंबर लागेल म्हणून बाकाशेजारी बराच वेळ उभं राहिलं. तुम्हांला खोटं वाटत असेल तर वाटू द्या, वासराला नाही वाटलं. पण पेशंटचं काय? लांबून घणघण ऐकू आली की निम्म्यांची दाढ आपोआप दुखायची थांबे आणि ते घरी जात. घंटेनं डॉक्टरांची अब्रूही जात होती आणि धंदाही.

सगळा दोष सायकलीचा, असं त्यांच्या मेव्हण्याचं मत. सायकल लोखंडी होती, लग्नाच्या वर्षी घेतलेली. गिअरचे खटके हँडलवर नव्हते, खाली फ्रेमच्या नळीवर होते. गिअर बदलायचा तर कुणाच्या पाया पडल्यासारखं वाकावं लागे. बाटलीचा पिंजरा तर इतका कडक, की आत बसलेली बाटली उपसायला थांबून, उतरून, दोन्ही हात आणि एक गुडघा लावावा लागे. "यापेक्षा अक्कलदाढ बरी," असं डॉक्टर स्वतः म्हणत.

मेव्हण्याला टोळीत सगळे 'वायरलेस' म्हणत. त्याच्या नव्या सायकलीचे गिअर बॅटरीवर चालत, त्यांना तार नव्हती. त्याच्या जिभेलाही कुठं लगाम नव्हता.

"भाऊजी, ही सायकल आता काचेच्या कपाटात ठेवा आणि खाली पाटी लावा," तो म्हणायचा. "आमचं बघा. बोट टेकलं, गिअर पडला. झिप! तुमचं म्हणजे खटाक, खटाक आणि मग कुठंतरी खटाक."

त्या 'झिप'नं डॉक्टरांची झोप उडवली होती. म्हणून निदान चेन तरी नवी, एवढं ठरवून ते सायकलवाल्याकडे गेले.

सायकलवाल्यानं चेन बदलून दिली. डॉक्टर कोपऱ्यापर्यंत गेले. खट्! पॅडल एकदम पोकळ फिरलं आणि डॉक्टर हँडलवर आदळले. पुन्हा जोर लावला. खट्! चालतच परत आले.

"होणारच," सायकलवाला फडक्याला हात पुसत म्हणाला. "जुनी चेन आणि जुने दाते बरोबरच झिजले होते. एकमेकांची खोड माहीत होती त्यांना. नवीन चेनला हे दाते मानवत नाहीत. दाते बदला."

"बदला," डॉक्टर म्हणाले.

बदलायला म्हणून बघितलं, तर आताच्या जुडग्यात दातेरी चकत्यांची चळतच्या चळत. ती जुन्या चाकावर चढेना. म्हणून चाक नवं घेतलं. नवं चाक फ्रेममध्ये मावेना. जागा बोटभर कमी.

"फ्रेम थोडी फाकवू?" सायकलवाल्यानं विचारलं.

डॉक्टरांचा हात आपोआप स्वतःच्या जबड्याकडे गेला. "नको नको. अहो, पण मी फक्त चेन बदलायला आलो होतो!"

"मीपण तुमच्याकडे फक्त एक दाढ ठणकते म्हणून आलो होतो, डॉक्टर," सायकलवाला शांतपणे म्हणाला. "तुम्ही म्हणालात, हिला टोपी घालू. मग म्हणालात, टोपी घातली तर शेजारचीवर भार येतो. मग समोरचीला टेकू. आता हे बघा." त्यानं आ केला. आत डावीकडून उजवीकडे पूलच्या पूल चमकत होता. "मी तक्रार केली? नाही. आता दाणे फोडतो मी दातांनी. तुम्हीपण हिंमत धरा."

डॉक्टरांनी हिंमत धरली. मग फ्रेम नवी आली. नव्या फ्रेमला जुने खटके लावायला जागाच नव्हती, म्हणून बॅटरीचे गिअर आले. हँडल आलं. सीट बाकी जुनीच ठेवू म्हटलं, तर नव्या सायकलीवर ती लग्नाच्या पंगतीत गोणपाट टाकल्यासारखी दिसायला लागली. तीही गेली. शेवटी दुकानातून दोन गोष्टी घरी आल्या : एक नवी कोरी सायकल, आणि एक पोतं.

"यात काय आहे?" बायकोनं विचारलं.

"जुने सुटे भाग."

तिनं पोत्यात डोकावून बघितलं. चेन, दाते, चाकं, खटके, सीट, बाटलीचा पिंजरा. पोत्याच्या तोंडातून फ्रेम बाहेर आलेली. "अहो, सुटे भाग कसले? ही तर आख्खी सायकलच आहे."

"भंगारात देऊन टाक."

"बघते," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाल्कनीतून पोतं नाहीसं झालं. डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नाही. नवी नवरी घरात असली की माणसाला बाकीचं घर दिसत नाही.

नवी सायकल त्यांनी बाल्कनीत ठेवली नाही, आणि रविवारपर्यंत रस्त्यावरही काढली नाही; दवाखान्यात ते चालत जात. पावसाचं ठीक, पण शेजाऱ्यांची नजर? शनिवारी संध्याकाळी तिला झोपायच्या खोलीत घेतलं, अंग पुसलं आणि कपाटाला अलगद टेकवून ठेवली. टेकवली ती नेमकी अशी, की कपाटाची मूठ गिअरच्या बटणावर रुतून बसली. एक बारीक लाल दिवा लुकलुकू लागला.

"झोपेत श्वास घेतेय," डॉक्टर कौतुकानं म्हणाले.

बायकोनं कूस बदलली. "माझ्या श्वासाकडे कधी एवढं लक्ष दिलं नाहीत."

ती सायकल श्वास घेत नव्हती, तिची धुगधुगी चालली होती. बटण दाबलेलं असल्यानं गिअर जाऊन बसला सगळ्यांत जड दात्यावर, आणि पहाटेपर्यंत बॅटरीनं डोळे मिटले.

रविवारी नवी अडचण निघाली. घंटा नियमाप्रमाणे दगडापर्यंत डॉक्टरांकडेच राहायला हवी होती, पण नव्या सायकलीला ती बांधायला जागा नव्हती. सगळं चापूनचोपून, गुळगुळीत. टोळीचे म्होरके म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्मा वर करून सायकल पुढून-मागून तपासली.

"नियम घंटेचा आहे, सायकलीचा नाही," ते म्हणाले. "गळ्यात अडकवा."

"गळ्यात?"

"परंपरेनं तिची जागा तीच आहे."

वायरलेस इतका हसला की त्याला बाटलीतलं पाणी प्यावं लागलं.

सपाटीवर सायकल जड वाटत होती, पण डॉक्टरांना वाटलं, शर्यतीचं जनावर आहे, असायचंच. सगळं बळ एकवटून ते पुढे निघाले आणि चक्क पहिले राहिले. गळ्यात घंटा घणघणत होती. आज ही उतरणारच, या कल्पनेनं त्यांना तिचा आवाजसुद्धा गोड लागायला लागला.

मग चढ लागला. डॉक्टरांनी ऐटीत बोट टेकलं. झिप नाही. पुन्हा टेकलं. मग दाबलं, मग बडवलं. कुठला तरी हलका दाता हाताला लागावा म्हणून विनवण्या केल्या. बाजूनं टोळी एकेक करून पुढे गेली. "भाऊजी, चार्जिंग केलं होतं ना?" असं विचारून वायरलेसही गेला. डॉक्टर आणखी थोडं रेटत राहिले आणि दुसऱ्या वळणावर पाय टेकून उभे राहिले. घंटेचा आवाज थांबला.

तेव्हा मागून आवाज आला. खटाक, खटाक आणि मग कुठंतरी खटाक.

हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. वळून बघितलं तर त्यांची जुनी सायकल चढ चढत होती, आणि वर त्यांची बायको होती. घामानं निथळलेली, चेहरा लालबुंद, पण पाय थांबत नव्हते. ती वाकली, एका हातानं खटका ओढला आणि सरळ झाली.

"तू? ही? अगं, ही तर भंगारात..."

"सायकलवाल्यानं जोडून दिली," ती धापा टाकत उतरली. "जुन्या दात्यांवर जुनीच चेन घातली. एकदाही खट् झालं नाही. रोज तुम्ही दवाखान्यात गेलात की मैदानाला फेऱ्या मारत होते. म्हटलं, दर रविवारी एकटे कुठं जाता ते बघावं तरी. खालच्या वळणावर होते तर घंटा थांबलेली ऐकली. तुमच्या मोटरगाडीला काय झालं?"

"श्वास थांबला."

बायकोनं हसू गिळलं, पण ते डोळ्यांतून बाहेर आलंच.

"तू पुढे हो," डॉक्टर म्हणाले. "माझ्याबरोबर राहिलीस तर घंटेत तुझीही भागीदारी व्हायची."

"झाली तर झाली. इतकी वर्षं घरात ऐकतेच आहे." आणि ती त्यांच्या शेजारून सायकल ढकलत चालायला लागली.

घंटा थांबलेली ऐकून माथ्यावर गंमत बघायला बसलेल्या वायरलेसला राहवलं नाही. सगळ्यांत आधी त्यानंच दगडाला हात लावला होता. आता उतारावरून झिप झिप करत तो परत खाली आला.

"ताई! तू? आणि हे म्युझियम? भाऊजी, गळ्यात घंटा आणि हातात सायकल, कुठला मेळा हा?"

"बरं झालं आलास," ताई म्हणाली. "माझी बाटली खालच्या वळणावर पडली रे. आण ना. घसा सुकलाय अगदी."

"आता? पार खाली?"

"तुझं काय, बोट टेकलं की झिप. आम्ही म्हातारी माणसं."

वायरलेस फुगला आणि उतारावरून सुटला. बायकोनं डॉक्टरांच्या सायकलीला मागून हात लावला. "चला. आता जरा पाय उचला."

दोघांनी दगडाला हात लावला तेव्हा टोळी चहाचा थर्मास उघडून बसली होती. बऱ्याच वेळानं वायरलेस आला, बाटली घेऊन, जीभ बाहेर काढून, आणि दगडाला धरून धापा टाकत उभा राहिला. हेडमास्तर उठले. त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यातली घंटा उतरवली आणि वायरलेसच्या गळ्यात घातली.

"अहो, मी पहिला आलो होतो! सगळ्यांनी बघितलंय!"

"आलास आणि गेलास," हेडमास्तर म्हणाले. "हजेरी देऊन वर्गाबाहेर पळणारा मुलगा माझ्या शाळेत गैरहजरच असायचा. शेवटचा हात दगडाला कुणाचा लागला?"

वायरलेसनं दगडाकडे बघितलं, मग ताईकडे. ताईचं लक्ष दूरच्या देखाव्यात गुंतलं होतं.

उतारावर बॅटरी लागत नाही. दोघं शेजारी शेजारी निघाली. पुढे घणघण करत वायरलेस चालला होता, आणि खालच्या वस्तीतली कुत्री, आवाज ओळखीचा पण माणूस नवा म्हणून, नव्या उत्साहानं भुंकू लागली होती.

"मोकळं वाटतंय," डॉक्टर मान फिरवत म्हणाले. "पुढच्या रविवारीही येशील ना?"

"खटक्याला जरा तेल घालून द्या. मग येते."

डॉक्टरांनी तिच्या सायकलीकडे प्रेमानं बघितलं. फ्रेमच्या नळीवर तोच जुना पिंजरा होता आणि त्यात बाटली पुन्हा घट्ट बसली होती. सबंध संसारात त्या पिंजऱ्यातून एकही बाटली आपणहून पडली नव्हती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "ही बाटली काढायला तर थांबून, उतरून, दोन्ही हात..."

"आणि एक गुडघा," बायको म्हणाली, वाकली आणि खटाक करून गिअर टाकला.