बेकायदेशीर बादल्या

रायनो लाहतीच्या दुकानात वाफेच्या अंघोळीचं सगळं सामान मिळे: लाकडी बादल्या, पळ्या, डोक्यावर घालायच्या लोकरी टोप्या. मिशिगनच्या त्या थंडगार गावातली निम्मी घरं मूळची फिनलंडची, त्यामुळे मालही तिथलाच लागे. राष्ट्राध्यक्षांनी एका फर्मानानं परदेशी मालावर कर बसवला, तेव्हा बायको आयली म्हणाली, गुपचूप किंमत वाढव आणि गप्प बस. पण रायनोला गावाला शहाणं करायचं होतं. प्रत्येक पावतीवर तो वेगळी ओळ लिहू लागला, 'राष्ट्राध्यक्षांचा कर'. कर बसवणं संसदेचं काम, एकट्या माणसाचं नव्हे, हेही तो गिऱ्हाइकाला ऐकवी. नुसता पत्ता विचारायला आलेलेही त्यातून सुटत नसत.

पुढे कोर्टानं नेमकं तेच म्हटलं. रायनोनं दुकानाच्या काचेवर भला मोठा कागद चिकटवला: 'कर बेकायदेशीर'.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच कांगसबाई दारात उभ्या. शाळेत त्याला नागरिकशास्त्र त्यांनीच शिकवलेलं.

"कर बेकायदेशीर ठरला म्हणे."

"हो बाई. मी पहिल्यापासून सांगत होतो."

"मग माझा परत दे."

रायनोनं समजावलं, की पैसे सरकारजमा झालेत, सरकार आता वरच्या कोर्टात जाणार आहे, तिथला निकाल लागेपर्यंत कोणालाच काही मिळायचं नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी सरकारला कुठे दिले? तुला दिले."

दुपारपर्यंत अर्ध्या गावानं पावत्या आणल्या. पाद्रीसाहेब तर चर्चसाठी घेतलेल्या सगळ्या टोप्यांची पावती घेऊन आले. रायनोनं घाबरून काचेवरचा कागद काढला, तर तो पैसे गिळायला बघतोय अशी बोलवा उठली. मग त्यानं प्रत्येकाला एकेक पळी फुकट देऊ केली. पळीवरचा कर कोणी भरला, असं बाईंनी विचारलं. शिवाय वरच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कर चालूच राहणार होता, त्यामुळे नवी बादली विकायची पंचाईत. बेकायदेशीर कर भरायला कोण तयार होणार?

संध्याकाळी तो घरी येऊन टीव्हीसमोर बसला. सरकारचा वकील सांगत होता, की आणीबाणीत राष्ट्राध्यक्षांना कर बसवण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या माणसाला बघितलं की रायनो रोज टीव्हीवर ओरडे, म्हणून आयलीनं लगबगीनं रिमोट उचलला.

"राहू दे," रायनो म्हणाला. "माणूस तसा मुद्देसूद बोलतो."