वेदना पूर्ण वाक्यात सांगावी

आमच्या तत्त्वज्ञान विभागाच्या सभेत 'मेंढीला वेदना होत नाही' हा ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा सभेला मेंढी हजर नव्हती. तिचे तिथे कामही नव्हते. मी या विभागाचा प्रमुख आहे आणि गेली सव्वीस वर्षे सोलापुरात बसून, एकही वस्तू प्रत्यक्ष न बघता तिच्याविषयी मत देत आलो आहे. याला आमच्याकडे शुद्ध चिंतन म्हणतात.

प्रश्न उकरून काढला तो तेजश्रीने. ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, दुधनीकडच्या एका मेंढपाळाची मुलगी. विषय 'मुक्या प्राण्याचे दुःख'. पाच वर्षे राबून तिने प्रबंध आणला आणि चौथ्या प्रकरणात सरळ मेंढीचा मेंदू घातला. शिवाय नसा, दुखताना बदलणारा मेंढीचा चेहरा, मोजमापांचे तक्ते. प्रबंधातील विज्ञानाचे प्रमाण मोजणारे सॉफ्टवेअर आम्ही घेतले आहे. मर्यादा दहा टक्के. तिचे एकतीस भरले. मुदतीला पंधरा दिवस उरले होते आणि डिग्रीवाचून तिची नोकरी अडली होती.

"हे प्रकरण काढून टाक," मी म्हणालो.

"मग राहतं काय, सर? दुःखावर लिहायचं आणि दुखतं कुठं ते बघायचंच नाही?"

"बघणे हे विज्ञानवाल्यांचे काम. आपण विचार करायचा."

"कशाचा?"

हा उद्धटपणा मी लिहून ठेवला.

दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन आली. बिरुदेव खांद्यावरचे घोंगडे मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकले. म्हणाले, "सर, पोरगी खरं लिवलीय. मेंढरू दुखलं तरी वरडत न्हाय. कान पाडतंय, डोळा बारीक करतंय. वरडलं तर लांडग्याला कळतंय की. म्हून गप ऱ्हातंय."

"पण आपल्याला दुखते असे मेंढी स्वतः कधी म्हणाली का?"

बिरुदेवांनी घोंगडे पुन्हा खांद्यावर टाकले आणि ते उठले. त्यांना उत्तर सुचले नाही, असे मी सभेला कळवले. मग सभेने व्याख्याही ठरवून टाकली: जो आपली वेदना पूर्ण वाक्यात सांगत नाही, त्याला वेदना नाही. प्रकरण चार रद्द, प्रबंध परत.

आवक-जावक बघणाऱ्या नवनाथने ठरावाच्या प्रती सवयीने सगळीकडे 'माहितीस्तव' धाडल्या. वरच्या एका कार्यालयाने (नाव सांगत नाही, माझी तिथे कामे असतात) लगेच परिपत्रक काढले आणि मेंढ्यांच्या वेदनाशामक इंजेक्शनांचा पुरवठा थांबवला. बचत झाली म्हणून साहेबांचा सत्कार झाला. तो बघून दुसऱ्या कार्यालयाने तेच परिपत्रक घेतले, 'मेंढी' खोडून तिथे 'रुग्ण' लिहिले आणि खाली सही ठोकली. मला तर भरून आले. सव्वीस वर्षांत माझे चिंतन पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होते.

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकू लागली.

जुळे सोलापुरातून स्कूटर काढून मी सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर दाक्षायणी यांनी मला खुर्चीत आडवे केले आणि तोंड उघडे राहावे म्हणून दातांत रबराचा ठोकळा बसवला.

"दाढ काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "भुलीचं इंजेक्शन हवं असेल तर कुठं दुखतं ते पूर्ण वाक्यात सांगा. वरून परिपत्रक आलंय."

"आँ," मी म्हणालो.

"वाक्य म्हणाले मी, सर."

मी दोन्ही हात हलवले.

"हातवारे धरता येत नाहीत. सिस्टर, लिहा, रुग्णास वेदना नाही."

पुढच्या दहा मिनिटांत जे झाले त्याला लेखी पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक प्रबंध परत न्यायला आले, तेव्हा मी गालात कापूस धरून बसलो होतो. बोलता येत नव्हते. बिरुदेवांनी एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिले.

"सरांस्नी लई दुखतंय," ते मुलीला म्हणाले. "डोळा बघ की, कसा बारीक झालाय." आणि टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मला रडू आले, ते मी लपवलेही नाही. तिथल्या तिथे मी प्रबंध ओढून घेतला आणि एकतीस टक्क्यांसकट सही केली. तेजश्रीला डिग्री मिळाली.

ठराव मात्र रद्द होत नाही. त्यासाठी बाधित मेंढीचा लेखी अर्ज लागतो. परिपत्रक तर आता पाणी, रस्ते, कचरा अशा सगळ्या खात्यांना लागू झाले आहे. नागरिकांकडून हरकती मागवल्या होत्या. पेपरात आतल्या पानावर जाहिरात होती, तुम्ही ती वाचली आणि पान उलटले. मुदत काल संपली. तुमची हरकत आलेली नाही, सबब तुम्हालाही वेदना नाही, अशी नोंद झाली आहे.

तेजश्रीच्या डिग्रीचे पेढे घेऊन बिरुदेव आले होते, त्यांना मी ती नोंद वाचून दाखवली. ते उठून खिडकीशी गेले आणि खाली रस्त्यावरून जाणाऱ्या तुमच्याकडे बघत राहिले.

"समदी गप हायत," ते म्हणाले. "लांडगा जवळच आसंल की."