सुंदरामावशीचा ऑक्टोपस

हॉलिवूडमध्ये कुठल्या पिक्चरचं शूटिंग कुठवर आलंय हे आमच्या जळकोटात कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं ज्वारीचा डबा घेऊन सुंदरामावशीच्या गिरणीत जावं. डबा न नेताही चालतं, पण मग मावशी "नुसतंच उभं ऱ्हायला आलाव व्हय?" असं विचारते आणि बातमी हात राखून देते.

बातमी मोठी असली की ती चालती गिरणी बंद करते. पट्ट्याची फटफट थांबते, रांगेतल्या बायका दचकून वर बघतात आणि भुवयांपासून पदरापर्यंत पिठानं माखलेली मावशी कमरेवर हात ठेवून जाहीर करते, "आतली खबर हाय. त्या अंतराळातल्या पिच्चरची हिरोईन बदलली. जुनीचं अन् डायरेक्टरचं वाजलं म्हणं." रांगेतली एखादी म्हातारी "अरारा" करते. गिरणी बंद असली तरी मावशी चालू गिरणीच्याच आवाजात बोलते. सगळा जन्म त्या पट्ट्याशेजारी गेल्यामुळं तिच्या गळ्यात दुसरा आवाजच उरलेला नाही. तिनं कानात सांगितलेली गोष्ट हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही कळते.

ही आतली खबर तिच्याकडं येते कुठून, तर माझ्याकडून. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो, गिरणीला लागून राहतो आणि मला इंग्रजी वाचता येतं. एवढाच माझा गुन्हा. मी मोबाइल काढून बातम्या वाचून दाखवायच्या आणि मावशीनं माझा डबा सगळ्यांच्या पुढं घ्यायचा, असा आमचा व्यवहार आहे. मागच्या बायका कुरकुरतात. "गुरजीचं आदी का?" "त्यास्नी अमेरिकेचं वाचायचं हाय," मावशी सांगते, जणू मी वाचलं नाही तर तिकडं काम खोळंबणार आहे. घरी उशीर झाला की बायको विचारते, "दळणाला गेला होतात की व्हिसा काढायला?"

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मावशीनं जन्मात एकही इंग्रजी पिक्चर पाहिलेला नाही. मी एकदा म्हटलं, चला, सोलापूरला जाऊन बघून येऊ. तर म्हणाली, "बघून काय करायचं? आपल्याला त्यो संपतोय कवा, तेवढंच पायजे."

कारण तिचा आकाश. नवरा वारल्यावर मावशीनं गिरणीच्या जोरावर वाढवलेला एकुलता एक पोरगा. तो हैदराबादला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. पिक्चरमधला हिरो छतावरून उडी मारतो तेव्हा खरं तर त्याला दोरानं टांगलेलं असतं. तो दोर चित्रातून पुसून टाकायचा, हे आकाशचं काम. आधी गावात बोलवा झाली की सुंदराबाईचं पोरगं हैदराबादेत पुसायच्या कामाला लागलंय. मावशीनं गिरणी बंद करून उत्तर दिलं होतं, "पुसतंय! पर अमेरिकेचं पुसतंय!"

अडचण अशी की हातातला पिक्चर पुरा झाल्याशिवाय आकाशला धड सुट्टी मिळत नाही. गेल्या दिवाळीला कुठला तरी राक्षस पुरा व्हायचा होता म्हणून तो आलाच नाही. आणि कुठला पिक्चर, कधी संपणार, हे कुणाला सांगायचं नाही, असं कंपनीनं त्याच्याकडून लिहून घेतलंय.

"आईला बी न्हाय सांगायचं?" मावशी कडाडली. "त्या कंपनीला काय आई न्हाय का?"

मग ती स्वतःच शोध घ्यायला लागली. एकदा आकाश फोनवर बोलून गेला, "आई, आज आठ-आठ दोर पुसलेत, डोळे गेले बघ." मावशी तशीच पिठाच्या हातानं माझ्या दारात आली. "गुरजी, आठ कुणाला असत्यात वो?" मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "ऑक्टोपसला. आठ पाय."

मोबाइलवर शोधलं तर खरंच तसा पिक्चर तयार होत होता. समुद्रातून एक प्रचंड ऑक्टोपस निघतो आणि शहरावर बसतो. झालं. आकाश ऑक्टोपसवर आहे हे मावशीनं ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून माझी इतिहासाची पुस्तकं मागं पडली.

हॉलिवूडच्या कुठल्याही अडचणीचा उलगडा मावशीकडं तयार असतो. निर्माता आणि दिग्दर्शकात मतभेद झाले असं मी वाचलं की ती म्हणते, "भावकी! दुसरं काय." हिरोचा घोटा मुरगळून शूटिंग थांबलं तेव्हा "एवढी मोठी कंपनी अन् आंबेहळद न्हाय?" म्हणून ती दिवसभर चिडचिडत होती. दोन मोठे पिक्चर एकाच शुक्रवारी येणार असं कळलं, तर म्हणाली, "एका मांडवात दोन लग्नं. वाढपी कमी पडणार बगा." कुठल्याशा पिक्चरचा सातवा भाग जाहीर झाला तेव्हा मात्र तिनं नुसता कपाळाला हात लावला. कपाळावरचं पीठ माझ्या डब्यात पडलं.

सगळ्यात राग ऑक्टोपसवाल्या दिग्दर्शकावर. त्याचा फोटो मी तिला एकदा दाखवला होता. दाढी जरा तांबूस होती. तेव्हापासून तो 'तांबडदाढ्या'. "ह्या तांबडदाढ्याला एक गोष्ट नीट ठरवता येत न्हाय. आदी हिरवा आक्टोपस केला, आता निळा करा म्हणतोय. आरं, पाण्यात कुणाला दिसतंय!" तांबडदाढ्या कुठं असेल तिथं त्याला उचक्या लागत असणार.

अशात आकाशचं लग्न ठरलं. नळदुर्गच्या दत्तूअण्णांची मुलगी, ऋतुजा. अण्णांचा हायवेवर ढाबा आहे आणि मुलगी तिथल्याच एका औषधाच्या दुकानात कामाला जाते. साखरपुडा एका रविवारी, अण्णांच्याच ढाब्यामागच्या अंगणात करायचं ठरलं. तोवर पोरा-पोरीनं एकमेकांचे नंबर घ्यायचे नाहीत, हा अण्णांचा कायदा. मावशीनं साडी आणून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवताना पिठाचे डाग पडू नयेत म्हणून माझ्या बायकोच्या हातात धरायला देत होती.

आणि त्या रविवारच्या आधी, एका सकाळी, मी बातमी वाचली. ऑक्टोपसचा पिक्चर काही प्रेक्षकांना आधीच दाखवून बघितला होता. शेवटी ऑक्टोपस मरतो हे त्यांना सोसलं नाही. काही जण रडले म्हणे. म्हणून आता शेवट नव्यानं करायचा आणि पिक्चर पुढच्या वर्षी आणायचा.

मावशीनं गिरणी बंद केली, पण जाहीर काहीच केलं नाही. पोत्यावर बसली.

"म्हंजी आकाश रविवारी येत न्हाय," ती म्हणाली.

"पण तसं तो म्हणाला का?"

"कसा म्हणंल? लिहून दिलंय न्हवं लेकरानं!"

तिनं लगेच फोन लावला. कंपनी फोन ऐकते अशी तिची खात्री आहे, त्यामुळं महत्त्वाचं बोलणं ती दरडावून उरकते. "आकाश, मला समदं कळलंय. तू तोंडातनं चकार शब्द काढू नको. रविवारचं म्या बघते." पलीकडून आकाश "बरं आई" म्हणाला. पुढं तो रोज "आई, रविवारी..." म्हणून सुरू करायचा आणि मावशी रोज "चूप! म्या बघते म्हणलं ना!" म्हणून त्याला गप्प करायची. आई तयारीचं बघतेय, असं समजून बिचारा गप्प बसायचा.

अण्णांना सांगायला अर्थातच मी. ढाब्यावर अण्णा कांदा चिरत होते. मी म्हटलं, तारीख पुढं ढकलावी लागेल. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"गुरजी, सरळ सांगा. पोराचं दुसरीकडं काय हाय का?"

"नाही हो. ऑक्टोपसमुळं."

"कोण?"

"ऑक्टोपस. तो शेवटी मरणार होता. आता त्यानं मरायला नको, असं लोकांचं म्हणणं पडलंय."

"मग जगू द्या की त्येला! आमच्या पोरीचं काय?"

मी आतापर्यंत पानिपत शिकवलंय, पण असा विषय मला कधी समजावून सांगावा लागला नव्हता. शेवटी अण्णा म्हणाले, "एक डाव ऐकलं. परत आक्टोपस आडवा आला, तर सोयरीक मोडली म्हणून समजा." मी येऊन मावशीला सांगितलं. ती नेहमीसारखी भांडली नाही. "गुरजी, ही पोरगी हातची गेली तर त्यो कशाला येईल हो जळकोटाला?" एवढंच म्हणाली आणि दळायला लागली. त्या दिवशी सगळ्यांचं पीठ जाडंभरडं आलं.

मूळ ठरलेला रविवार उजाडला. सकाळी मी दाढी करत असताना अण्णांचा फोन आला.

"गुरजी, नवरदेव आलाय."

"कुठं?"

"हितं! हैदराबादच्या बसमधनं थेट ढाब्यावर! नवीन कापडं घालून, गुलाबाचं फूल घेऊन उभा हाय. अन् माझ्या अंगात बनियन हाय!"

मी अर्ध्या दाढीनं गिरणीत धावलो. मावशीनं ऐकलं आणि गिरणी तशीच चालू ठेवून रस्त्यावर पळाली. बंद मीच केली. साडी घेतली, बायकोला घेतलं, हायवेवर एक रिकामा टेम्पो थांबवला आणि आम्ही नळदुर्ग गाठलं.

आकाश अंगणाच्या मधोमध उभा होता. अण्णा त्याच्याभोवती फिरत होते.

"पर जावईबापू, आक्टोपसचं काय झालं?"

"कोणता ऑक्टोपस?" आकाश म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मावशीनं माझ्याकडं बघितलं. बायकोनंही बघितलं. सगळ्या हॉलिवूडचा कारभार जणू मी एकटाच बघत होतो. आतून पहिल्यांदा ऋतुजाच हसली. मग तिची आई हसली आणि त्या हसण्यानं सोयरीक वाचली.

साखरपुडा झाला, त्याच दिवशी, तिथंच. पुड्यातली साखर चहाच्या डब्यातली. पाव्हणे म्हणून जेवायला थांबलेले ट्रकवाले. एका तेलुगू ड्रायव्हरनं असा घसघशीत आशीर्वाद दिला की कुणाला एक शब्द न कळता सगळ्यांनी माना डोलावल्या. फोटोत ऋतुजाच्या गालावर मावशीच्या पाची बोटांचं पीठ आहे. तिनं ते पुसलं नाही, हे मला आवडलं.

हात धुताना आकाश माझ्या कानाशी आला. "सर, आईला सांगू नका, सही केलीय. बर्फात गाडी ओढणारी आठ कुत्री आहेत. शूटिंगला त्यांना आवरायला बांधलेले दोर पुसतोय मी. अजून बरंच राहिलंय. दोनच दिवस मिळालेत."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

पुढच्या वेळी दळणाला गेलो तर गिरणी बंद. लाईट होती, पण मावशी पोत्यावर बसून होती.

"वाचू का?" मी विचारलं.

"काय वाचताव? म्या अडाणी हाय, येडी न्हाय. आक्टोपस तिकडं अजून मरू का जगू करायलाय अन् ह्यो इकडं शिरा खाऊन गेला. म्हंजी ह्यो त्याच्यावर कदीच न्हवता."

"मग बरंच झालं की. सुटलो आपण दोघं."

मावशीनं पट्ट्यावरचं पीठ पदरानं झटकलं. मग बोलली ती अशा आवाजात, की तो आवाज तिच्याकडं आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"गुरजी, आदी म्या फोन लावायची. जेवलास का? जेवलो. काय खाल्लं? भात. मग दोघंबी गप. ठेवू का, म्हणायचा. इथलं काय सांगू मी त्येला? ज्वारी आली, पीठ गेलं. म्या आक्टोपसचं इचारायला लागले तवापासनं हसायचा, मला चिडवायचा, घटकाघटका बोलायचा. आता आक्टोपस बी गेला. आज काय इचारू त्येला?"

मला भरून आलं. आलं ते आलं, लपवायचं कशाला. इतके दिवस डबा पुढं जावा म्हणून मी वाचत होतो आणि ही बाई पोराशी बोलायला दोन शब्द गोळा करत होती.

मी मोबाइल काढला. कुत्र्यांच्या पिक्चरबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो.

"बर्फातल्या एका पिक्चरचं शूटिंग थांबलं आहे. त्यात गाडी ओढणारी कुत्री आहेत, आठ. पैकी एकाला ताप आला आहे."

मावशीची मान वर आली.

"किती कुत्री म्हणलाव?"

"आठ."

"दोरानं बांधल्याली?"

"गाडी ओढायची म्हणजे बांधलेली असणारच."

पांढऱ्या भुवया हळूहळू वर चढल्या. तिनं मला पुढं काही विचारलं नाही. हात पदराला पुसले, फोन उचलला आणि लावला.

"आकाश, जेवलास का ते न्हाय इचारत. कुत्र्याला ताप हाय म्हणं. कसं हाय रं ते आता?"

पलीकडून आकाशचं हसू मला इथवर ऐकू आलं. मग तो काहीतरी सांगायला लागला असावा, कारण मावशी पोत्यावर नीट मांडी घालून बसली. "व्हय?... अन् लंगडं कोनतं?... अरारा..."

दारात बायकांची रांग लागली होती. माझा डबा तसाच होता. गिरणी चालू करा, असं कुणीच म्हणालं नाही.