बिल छापलं आणि खण सुटला

सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणारं नवं यंत्र आलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "प्रोग्राम विकत कशाला घेताय? मी लिहितो की!"

सासरे म्हणाले, "जमलं तर दुकान तुमच्या हाती. नाही जमलं तर काउंटरमागे पाऊल टाकायचं नाही."

मला ते दुकान मनापासून हवं होतं. दुपारी काचांवरचे कवडसे भिंतीवरून सरकत जायचे आणि बघता बघता माणूस तरंगायला लागायचा.

प्रोग्रामही मी त्याच तंद्रीत लिहिला. मेमरीत मोजके खण आधीच पाडून ठेवले. गिऱ्हाईक आलं की त्याच्या चष्म्याचा नंबर एका खणात, काम झालं की तोच खण पुढच्याला. पसारा नाही, खोळंबा नाही. फक्त 'काम झालं' हे मी ठरवलं बिल छापल्यावर. यंत्र आपलं सावकाश खण वाचायला जाई, पण पाठोपाठ दुसरं कुणी आलं, तर तोवर तिथे त्याचा नंबर पाय पसरून बसलेला असे आणि पहिल्याच्या काचा दुसऱ्याच्या नंबरने घासल्या जात. एकेक गिऱ्हाईक येत होतं तोवर कुणाला पत्ताही लागला नाही.

मग एके दिवशी गर्दी उसळली, आणि गर्दीत सासूबाईंनीही नवा चष्मा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई आल्या. "सुईला दोन भोकं दिसतायत. ओवू कशात?"

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर भिंत चाचपडत पायीच आले. मी विचारलं, "गाडी कुठे लावलीत?"

"तेच शोधतोय."

दुकानभर माणसं पाण्यात चालावं तशी हात पुढे करून हळूहळू फिरत होती. सासऱ्यांचा चष्मा जुना, त्यामुळे त्यांना मी अगदी स्वच्छ दिसत होतो.

मी तिथेच बसून प्रोग्राम बदलला: यंत्राचं वाचून झाल्याशिवाय खण सोडायचा नाही, आणि सोडताना पुसून सोडायचा. सगळ्यांच्या काचा पुन्हा घासून दिल्या.

उरल्या सासूबाई. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत हसत बसल्या होत्या. "किती मऊ दिसतंय हो सगळं. आणि हे तर लग्नात होते तस्सेच."

सासरे चक्क लाजले.

मी नवा चष्मा पुढे केला. त्यांनी तो घालून सासऱ्यांना न्याहाळलं, मग मला जरा जास्तच वेळ न्याहाळलं, आणि काढून परत दिला.

सासरे खाकरले. "दुकान तुमचं. हिला मात्र तोच चष्मा राहू द्या."

मी मनात म्हटलं, या वयात केवढं हे प्रेम!

"राहूच द्या," सासूबाई म्हणाल्या. "जावईसुद्धा त्यातूनच बरे दिसतात."