सर्वात कमी संशयित कर्मचारी

जावक विभागातील लिपिकाने दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर मालिकेचा ताजा भाग पाहिला आणि खुनी ओळखला, ही घटना वरकरणी अगदी साधी होती. खुनी ओळखण्यात बेकायदेशीर असं काहीच नव्हतं. फक्त त्याने तो खून पडण्याआधीच ओळखला. सोफ्यावर मांडी घालून त्याने जाहीर केलं, "तो ग्रंथपाल."

"अहो, त्या बिचाऱ्याने आत्ताशी दार उघडून 'या, बसा' म्हटलंय," बायको म्हणाली.

"म्हणूनच. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही, तोच गुन्हेगार. नियमच आहे तसा."

"कुणाचा नियम?"

"माझा."

"मघाशी गॅसवरचं दूध कुणी उतू घालवलं, ते नाही आलं कुणाला शोधता," सासूबाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या. जावयाने मालिकेचा आवाज वाढवला.

मग खून पडला. गुप्तहेर गालिच्यावर भिंग घेऊन रांगला, चार जणांवर ओरडला, आणि शेवटी बेड्या पडल्या त्या ग्रंथपालाच्याच हातात. लिपिकाची छाती अशी फुगली, की काम याने केलं होतं आणि गुप्तहेर नुसता पगार खात होता असं कुणालाही वाटावं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने हा नियम अख्ख्या कार्यालयाला ऐकवला. साहेब कर्मचाऱ्यांचं सहसा ऐकत नसत, पण मालिका तेही पाहत. "शास्त्रशुद्ध आहे," ते म्हणाले. लिपिकाला धन्य धन्य वाटलं. कारण महिनाअखेर त्याच्या बढतीचा निर्णय व्हायचा होता. वरिष्ठ लिपिकाच्या जागेला अट एकच होती, निष्कलंक सेवा. आणि त्याची सेवा इतकी निष्कलंक होती की काम केल्याचाही डाग तिच्यावर नव्हता.

त्याच आठवड्यात साहेबांच्या खुर्चीवरची उशी नाहीशी झाली.

साहेब सवयीने बसले आणि लाकूड लागताच उठले. ताबडतोब चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष साहेब, सदस्य लेखापाल, सचिव टंकलेखिका बाई. तपास कसा करावा यावर खल झाला नाही, कारण पद्धत कार्यालयातच उपलब्ध होती. सदर उशी सर्वात कमी संशयित कर्मचाऱ्याने लांबवली असल्याचे समजण्यात यावे, असा ठराव एकमताने संमत झाला. अनुमोदन लिपिकाने दिलं. आपला नियम सरकारी भाषेत ऐकताना त्याचे डोळे पाणावले होते.

त्यानंतर कार्यालयात संशयित होण्यासाठी झुंबड उडाली.

"साहेब, मला तुमचा मनापासून राग येतो," लेखापालांनी भर बैठकीत सांगितलं. "किती वर्षं दाबून ठेवलाय म्हणून सांगू!"

"नोंद घ्या बाई. सुटलात तुम्ही."

टंकलेखिका बाई काळा चष्मा लावून आल्या होत्या. त्यांच्या बाहीला कापूस चिकटलेला होता.

"हा कापूस कुठला, बाई?"

"जीव गेला तरी सांगणार नाही."

"शाब्बास! याला म्हणतात सहकार्य."

आवक विभागाने साहेबांच्या खोलीपासून स्वतःच्या टेबलापर्यंत चिखलाची पावलं उमटवून घेतली. लिपिक हे सगळं पाहून गालातल्या गालात हसत होता. त्याला कुणी सुचवलंही, "अरे, निदान खिडकीतून उडी मारून आत ये एकदा." पण बढती तोंडावर आलेली असताना डाग लावून घेईल तो लिपिक कसला! तो वेळेवर आला, दारातून आला आणि सगळ्यांना नमस्कार करून जागेवर बसला. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात शिपाईमामा उशी डोक्यावर घेऊन हजर झाले. "साहेब, कुबट वास मारत होती. गच्चीवर उन्हात टाकली होती मीच."

समितीने उशी उलटसुलट करून पाहिली.

"मामा, तुम्ही कुणाला पाठीशी घालताय?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"कुणाला नाही हो. मीच नेली, मीच आणली."

"जो आपण होऊन कबूल होतो, तो गुन्हेगार नसतो. मागच्या भागात स्वयंपाकी कबूल झाला होता, आठवतंय ना?" साहेबांनी उशी खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नीट बसले आणि म्हणाले, "उशी सापडली म्हणून चोर सापडत नाही. चौकशी पुढे चालू."

पुढे म्हणजे एकच माणूस उरला होता. लिपिकाच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, मलाही तुमचा राग येतो," तो पुटपुटला.

"कशाला खोटं बोलता? माझा विनोद संपायच्या आत हसता तुम्ही."

घाबरून त्याने बायकोला साक्षीला बोलावलं. ती बिचारी हातातलं काम टाकून आली आणि पोटतिडकीने बोलली. "हे आणि चोरी? साहेब, यांना घरात स्वतःची उशी सापडत नाही. मी हातात देते तेव्हा झोपतात. इतका निरुपद्रवी माणूस मी जन्मात बघितला नाही."

लेखापालांनी मान खाली घातली. टंकलेखिका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. एवढी भक्कम निर्दोषता म्हणजे पुरावाच होता. लिपिक दोषी ठरला आणि त्याची बढती तहकूब झाली.

"तरी म्हटलं होतं, तोंड मिटून बघत जा टीव्ही," घरी जाताना बायको म्हणाली. घरी सासूबाईंनी या खेपेला गॅसवरचं दूध स्वतःच उतरवून ठेवलं.

पण नियम ज्याचा, त्यालाच त्याच्या फटी ठाऊक. लिपिकाने अपील केलं. आपण दोषी ठरल्यापासून साऱ्या कार्यालयाचा संशय आपल्यावर आहे. अर्थात आपण आता सर्वाधिक संशयित आहोत. सबब निर्दोष आहोत. समितीने हा युक्तिवाद दोनदा वाचला. कुठेच खोट नव्हती. लिपिक सन्मानाने सुटला, आणि खरा चोर सापडताच बढती देण्याचं ठरलं.

अडचण एवढीच आहे की कार्यालयात आता संशय न घेतलेलं कुणी शिल्लक नाही. साहेबांवरही घेऊन झाला. त्यांनी स्वतःच घेतला. त्यामुळे तपासाची व्याप्ती बाहेर वाढवण्यात आली असून, या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेल्या, घरी आरामात टेकून दुसऱ्याच्या फजितीची गोष्ट वाचत बसलेल्या व्यक्तीचा शोध सुरू आहे. लिपिकाच्या बढतीचा प्रश्न आहे, तेव्हा तो कसून शोधतो आहे. आपण मघापासून कशावर टेकून बसला आहात, तेवढं जरा उठून दाखवावं.