चोरासाठी एक फोन

लग्न तन्वीचं, तेही थेट ब्राझीलमध्ये, साओ पावलोत. आणि घोड्यावर बसला होता तिचा बाप. हरिहरराव निवृत्त झाल्यावर नाशिक सोडून सौदीतल्या अल खर्जला बायकोकडे राहायला आले होते. बायको, डॉक्टर सुनीता, तिथल्या इस्पितळात दिवसभर बाळंतपणं करायची. हे घरात बसून ब्राझीलचा अभ्यास करायचे.

"पिवळ्या तापाची लस झाली. जुलैत तिकडे थंडी, स्वेटर घेतले. प्लगची भोकं वेगळी, अ‍ॅडॅप्टर घेतला. आणि लक्षात ठेव, तिथे पोर्तुगीज बोलतात. स्पॅनिश झाडू नकोस."

"मला दोन्ही येत नाहीत."

"आणि बोटांचा गोल करून 'ओके' करायचं नाही. तिकडे ती शिवी आहे."

"बरं. पण अहो, इथली कागदपत्रं..."

"कागदपत्रं माझं खातं! दरवेळी मध्ये मध्ये करतेस. यंदा हात लावायचा नाही."

सुनीताने हात लावला नाही.

रियाधच्या विमानतळावर सामान देताना हरिहररावांना शेवटचा नियम आठवला. ब्राझीलच्या रस्त्यावर महागडा फोन दिसला की गेलाच म्हणून समजा! त्यांनी दोघांचे फोन मोज्यांत कोंबून बॅगेत घातले आणि सुनीताच्या हातात बटणांचं एक जुनं डबडं ठेवलं.

"हा चोराला द्यायचा."

"अहो, चोर तिकडे! आपण अजून इकडेच आहोत."

"सवय नको का?"

बॅग पट्ट्यावरून निघून गेली. पासपोर्टच्या खिडकीवर सुनीताचं काम चुटकीसरशी झालं. हरिहररावांचा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, बघून मात्र अधिकाऱ्याने मान हलवली.

"एक्झिट रीएंट्री कुठे आहे?"

"ब्राझीलचा व्हिसा आहे की! हे लशीचं कार्डसुद्धा."

"ब्राझील नाही, सौदी. बाहेर जाऊन परत यायची परवानगी. ती काढलेली नाही. खलास. बाजूला व्हा."

अशी परवानगी लागते हेच हरिहररावांना ठाऊक नव्हतं. नाशिकला जाताना ती दरवेळी आपोआप निघालेली असायची. आपोआप म्हणजे सुनीता काढायची. तिची स्वतःची इस्पितळाने काढून दिली होती, पण नवऱ्याची तिच्याच हातात, आणि हात लावायला तर बंदी!

"तुमचा कफील कोण? कुणाच्या जबाबदारीवर राहता इथे?"

"ही," हरिहरराव पुटपुटले.

"कोण?"

"ही! बायको! मी हिच्या इकाम्यावर राहतो!"

मागची रांग फिसकन हसली. अधिकारी सुनीताकडे वळून अदबीने म्हणाला, "डॉक्टर, मोबाईलवरून काढा. लगेच होईल."

सुनीताने डबडं वर करून दाखवलं. "माझा मोबाईल ह्यांच्या मोज्यात आहे."

मग पळापळ झाली. बॅग परत आणली गेली आणि सगळ्यांच्या देखत उघडली गेली. डासांचं मलम निघालं, चिवडा निघाला, मुंडावळ्या निघाल्या, जावयाचा फेटा निघाला. मोजे अर्थातच तळाशी. तेवढ्यात विमानाची शेवटची घोषणा झाली आणि हरिहररावांनी बायकोपुढे हात जोडले.

"सुनी, पोरीचं कन्यादान आहे गं परवा. चुकलो मी. लवकर कर."

सुनीताने शांतपणे फोन चालू केला. "दोन प्रकार असतात. एक, जाऊन परत यायचं. दुसरा फायनल एक्झिट, म्हणजे गेलात ते गेलात. कुठला काढू?"

"सुनीता!"

"खातं तुमचं, म्हणून विचारलं."

"पहिला! अगं, पहिला!"

तिने बटण दाबलं, आणि बोटांचा गोल करून त्यांच्या नाकासमोर धरला.

"अगं, हे काय! तिकडे ही शिवी आहे, सांगितलं होतं ना?"

"लक्षात आहे माझ्या," सुनीता म्हणाली आणि विमानाकडे चालू लागली.