एक नाही, दोन नाही

रूबेन मास्तर पेझारकर आमच्या अकोल्याच्या शाळेत गणित शिकवायचे, पण माणसं त्यांना सरळ मोजता येत नसत. सहलीच्या एसटीत ते मुलं चढवायचे ती "एक नाही, दोन नाही, तीन नाही" अशी, आणि शेवटी कंडक्टरला सांगायचे, "बेचाळीस नाही."

"बेचाळीस नाही तं किती हायेत, मास्तर?"

"हायेत बेचाळीसच. पन तसं बोलू नोको. मानसं मोजली का नजर लागते. 'नाही' लावलं का नजरेले पत्ता लागत नाही."

शिरगणतीच्या कारकुनालाही त्यांनी दारात "दोन नाही" सांगितलं. तो बिचारा घर रिकामं लिहून निघालाच होता; मास्तरांच्या पत्नीने, रिबेकाबाईंनी, त्याला परत बोलावून चहा पाजला.

मास्तर ज्यू. त्यांच्या धर्माची गावात थोडीच घरं, रेल्वेतली नि पोस्टातली. रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, अकोल्याला कोण पाठवणार? ते काम मास्तरांच्याच गळ्यात पडलं. लग्नं लावायची, पोरांना हिब्रू अक्षरं शिकवायची, शनिवारी आपल्या बैठकीत प्रार्थना चालवायची. भांडणं मिटवायचं कामही त्यांच्याकडेच होतं, आणि त्यात आमचीसुद्धा आली. मी संस्कृतचा मास्तर, भटजीचा मुलगा. माझ्या नि माझ्या भावाच्या भांडणात हाच माणूस येऊन बसायचा. दोघांचं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मी थकलो बा. तुमी थकले नाही काय?" मग आम्हालाही भांडणाचा कंटाळा यायचा. मला त्यांच्याइतका आधार दुसऱ्या कोणाचा वाटला नाही.

पन्नासचं दशक सरता सरता त्यांची माणसं इस्राएलला जाऊ लागली. प्रत्येक घराला पोचवायला मास्तर स्टेशनवर जात, चिवड्याचा डबा देत, आणि परतताना माझ्या ओट्यावर चपला काढून नुसते बसून राहत.

"मास्तर, तुमी काहून नाही जात?" मी एकदा विचारलं.

"अन् मांगं राह्यले त्याइचं कोन पाहीन?"

मागे राहणारे मात्र दर वर्षी कमी होत होते. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला धर्मातले दहा पुरुष लागतात. गेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणतात, त्यालाही दहाच. रिबेकाबाई आजारी पडल्या तेव्हा खाटेवरून माझ्यासमोरच म्हणाल्या, "सगळ्याइले गाडीत बसवून देऊन राह्यले तुमी. माह्या कद्दीशले दहा कुठून आनसान?"

मास्तर औषध ओतत होते. "आनतो," म्हणाले.

वैशाखात बाई गेल्या. बडनेऱ्याला, भुसावळला तारा केल्या होत्या, पण तिकडून कोणी पोचलं नव्हतं. दफन आटोपून सगळे मास्तरांच्या बैठकीत जमले. मास्तर धरून त्यांच्यातले सहा. दाराशी आम्ही चौघे शेजारी: हेडमास्तर, समोरचे दादाराव पाटील, रहीमभाई शिंपी आणि मी.

मास्तर उठले आणि बोट फिरवत मोजू लागले. "एक नाही, दोन नाही..." सहावर थांबतील असं मला वाटलं. बोट तसंच दाराकडे आलं. "सात नाही." हेडमास्तरांनी आपल्यामागे कोणी आहे का ते वळून पाहिलं. "आठ नाही. नऊ नाही." शेवटी ते बोट माझ्यापाशी आलं. "दहा नाही."

पोस्टातले सॅमसनभाऊ त्यांच्यात वयाने सगळ्यात मोठे. ते हळूच म्हणाले, "मास्तर, हे चालत नाही."

"मी तरी काय म्हनलो?" मास्तर म्हणाले. "दहा नाही, असंच म्हनलो ना?"

 सॅमसनभाऊंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते म्हणाले, "करा सुरू."

आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण सगळ्यांनी आमेन म्हणायचं तिथे रहीमभाईंनी बरोब्बर आमीन म्हटलं, आणि त्यांच्या मागून आम्ही तिघांनी.  

निघताना त्यांनी मला दारात धरलं. काही समजावून सांगतील असं वाटलं.

"तिले म्हनलं होतं, आनतो," एवढंच ते बोलले.